पार्किन्सन, नजरेच्या उड्या आणि देणगीतला हेडसेट

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात एम.डी. मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका डॉक्टरांना पार्किन्सनच्या रुग्णांच्या डोळ्यांच्या हालचालींवर थीसिस करायचा आहे. विभागाला देणगीत एक व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधून आभासी जग दाखवणारं यंत्र) मिळालाय आणि ‘यात आय ट्रॅकिंग आहे’ असं खोक्यावर लिहिलंय. तेवढ्यावर भागेल का, किती रुग्ण लागतील आणि एथिक्स कमिटी कुठे अडवेल, असं त्यांनी विचारलं आहे.

डॉक्टर, भागेल, पण काही मोजक्याच प्रश्नांसाठी. ते कोणते, हे पुढे सांगते. त्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून ठेवा, कारण बहुतेक सिनॉप्सिसमध्ये (थीसिसच्या आराखड्यात) तिच्यासाठी एक ओळही नसते: ज्यांचं रेकॉर्डिंग होऊ शकत नाही, त्या रुग्णांचं तुम्ही काय करणार आहात? मी या क्षेत्रात बरीच वर्षं काढली आहेत, आणि माझ्या मते अशा अभ्यासाचं भलंबुरं तिथेच ठरतं.

आधी खोक्यावरच्या ओळीबद्दल. डोळा कुठे बघतोय हे हेडसेटला कळणं वेगळं आणि ते आकडे तुमच्या हाती लागणं वेगळं. ॲपलच्या व्हिजन प्रोमध्ये नजर टिपणारे कॅमेरे उत्तम आहेत, पण तुम्ही कुठे बघत होता हे ती कंपनी बाहेरच्या ॲपला देत नाही. बोटांची चिमूट केली की कशाची निवड झाली, एवढंच ॲपला समजतं. मेटाच्या क्वेस्ट प्रोमधून (२०२२) परवानगी घेऊन नजरेची दिशा मिळते. एचटीसीचा व्हाइव्ह प्रो आय (२०१९) संशोधनात भरपूर वापरला गेला, कारण त्यातून दोन्ही डोळ्यांची दिशा, बाहुलीचा व्यास आणि पापणी किती उघडी आहे हे सगळं सेकंदाला १२० वेळा घेता येतं. तुमचा हेडसेट कुठल्या जातीचा आहे ते आजच बघा. कच्चे आकडे बाहेर येत नसतील तर तो रुग्णांना देखावे दाखवायला वापरा, मोजायला नको.

मोजमाप कसं होतं, तेही थोडक्यात. भिंगाभोवती लावलेले बारीक दिवे डोळ्यावर इन्फ्रारेड प्रकाश टाकतात. आपल्याला तो दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. कॅमेरा बाहुलीचा काळा गोल आणि पारपटलावर चमकणारे दिव्यांचे ठिपके शोधतो, आणि त्यांच्या आपसातल्या जागेवरून नजरेची दिशा काढतो. म्हणजे बाहुली झाकली गेली किंवा खोटे ठिपके दिसले की पुढचं सगळं गणित कोसळतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० नोंदींचा, अर्थ बघू. १० अंशांची सॅकेड, म्हणजे नजरेची एक उडी, साधारण ५० मिलिसेकंदांत संपते. १२० हर्ट्झला दोन नोंदींत ८.३ मिलिसेकंदांचं अंतर असतं, म्हणजे अख्ख्या उडीच्या वाट्याला सहाच नोंदी येतात. उडी कुठून सुटली, कुठे पडली, एका दमात गेली की टप्प्याटप्प्याने, हे सहा नोंदींतून कळतं. तिचा सर्वोच्च वेग मात्र नीट कळत नाही. जो आकडा येतो तो खऱ्यापेक्षा कमी असतो, आणि किती कमी हे उडीगणिक बदलतं. वेगावर बोलायचं असेल तर निदान २५० हर्ट्झ हवेत. हनुवटी टेकवून बसवायच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर १००० हर्ट्झ हा नेहमीचा आकडा आहे.

दुसरी भानगड उशिराची. ठिपका चमकल्यापासून डोळा हलेपर्यंत निरोगी माणसाला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. काही हेडसेटमध्ये डोळा हलल्यापासून पडद्यावर त्याचा परिणाम उमटेपर्यंतच ४५ ते ८० मिलिसेकंद जातात, असं मोजून दाखवलं गेलंय. दोन गटांत दहा-पंधरा मिलिसेकंदांचा फरक शोधायला निघालात तर तो फरक रुग्णाचा की यंत्राचा, हे सांगता येणार नाही. तरीही लेटन्सी, म्हणजे ठिपका चमकल्यापासून डोळा हलेपर्यंतचा वेळ, मोजायचीच असेल तर कलाभवनातल्या (विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेतल्या) इलेक्ट्रॉनिक्सच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा. हेडसेटच्या पडद्यावर फोटोडायोड (प्रकाश टिपणारा छोटा सेन्सर) चिकटवून, ठिपका दाखवण्याचा हुकूम आणि तो प्रत्यक्ष उजळण्याची वेळ यांतलं अंतर मोजून द्यायला सांगा. नजरेच्या नोंदीचा उशीर त्यात येत नाही, तो वेगळा मोजावा लागेल. पण एवढं केलंत तरी परीक्षकांच्या निम्म्या शंका फिटतात.

मग पार्किन्सनमध्ये या हेडसेटच्या आवाक्यात काय येतं? सुदैवाने बरंच येतं. स्वतःहून मारायच्या उड्या या आजारात आखूड पडतात. लक्ष्य १५ अंशांवर असेल तर नजर अलीकडेच थांबते आणि मग छोट्या छोट्या पायऱ्यांनी पुढे सरकते. आधी दाखवून मग विझवलेल्या ठिपक्याच्या जागी आठवणीने बघायला सांगितलं की हे आणखी ठळक होतं. अचानक चमकलेल्या ठिपक्याकडे आपसूक जाणारी उडी मात्र पुष्कळशी शाबूत असते, आणि या दोहोंतली तफावत हाच तुमचा मुद्दा होऊ शकतो. अँटीसॅकेडमध्ये ठिपका उजवीकडे चमकला की डावीकडे बघायचं असतं. त्यातल्या चुका पार्किन्सनमध्ये वाढतात, विशेषतः बौद्धिक क्षमताही उतरणीला लागली असेल तर. उडीची लांबी, पायऱ्यांची संख्या, दिशेच्या चुका: तिन्ही गोष्टी १२० हर्ट्झवर मोजता येतात. रेकॉर्डिंगच्या आधी लेवोडोपाची (पार्किन्सनच्या मुख्य औषधाची) शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिहा आणि सगळ्यांचं रेकॉर्डिंग एकाच अवस्थेत करा, ऑन (गोळीचा असर असताना) तर ऑन.

पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, पार्किन्सनसारखा दिसणारा दुसरा आजार) थीसिसमध्ये आणू नका, असा माझा सल्ला. स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की यांनी १९६४ मध्ये वर्णन केलेल्या या आजारात वर-खालच्या उड्या मंदावतात, म्हणून आय ट्रॅकिंगवाल्यांना तो फार आकर्षक वाटतो. पण खाली बघताना वरची पापणी बाहुलीवर उतरते, आणि या रुग्णांना पापणी उघडी ठेवणंच जड जातं. जिथे फरक शोधायचा, तिथेच हेडसेट सगळ्यात कच्चा.

एक जुना वाद मुद्दाम सांगते. २०१२ मध्ये एका अमेरिकी गटाने ११२ पार्किन्सन रुग्ण तपासून, नजर स्थिर ठेवताना सर्वांच्याच डोळ्यांत कंप दिसला, असं प्रसिद्ध केलं. सर्वांच्याच! खरं असतं तर निदानाची सोपी खूण मिळाली असती. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवून दिलं की असा कंप डोक्याच्या सूक्ष्म थरथरीतून येऊ शकतो. डोकं डावीकडे हललं की कानातल्या तोलाच्या इंद्रियाच्या हुकमाने डोळे तितकेच उजवीकडे वळतात, म्हणूनच चालताना आपल्याला जग हलताना दिसत नाही. डोक्याची थरथर न मोजता फक्त डोळा मोजला, तर ही भरपाई डोळ्याचा कंप म्हणून नोंदली जाते. पहिल्या गटाने ते मान्य केलं नाही आणि वाद चालू राहिला.

तुमच्या हेडसेटमध्ये हा प्रश्न रोज उभा राहणार आहे, कारण कॅमेरा डोक्यालाच बांधलेला आहे. तो डोळा खोबणीत कुठे आहे एवढंच सांगतो. नजर देखाव्यात कुठे पडली हे काढायला त्यात डोक्याची दिशा मिळवावी लागते. दोन्ही आकडे वेगवेगळे साठवा, दोन्हींना वेळेचा शिक्का एकाच घड्याळाचा असू द्या. आणि सॅकेडच्या चाचण्यांत ठिपका डोक्याबरोबर हलणारा ठेवा. देखाव्यात खिळवलेला ठिपका ठेवलात तर थरथरणाऱ्या डोक्याची भरपाई तुमच्या मोजमापात शिरलीच म्हणून समजा.

नुसत्या ठिपक्यांच्या उड्या मोजायच्या तर खरं म्हणजे व्हीआरची गरजच नाही. त्यासाठी आधी कान-नाक-घसा विभागात चक्कर मारा. चक्करच्या रुग्णांसाठी त्यांच्याकडे व्हीएनजीचे किंवा व्हिडिओ हेड इम्पल्सचे गॉगल (डोळ्यांच्या हालचालींवरून तोलाचं इंद्रिय तपासणारे) बहुधा असतात. हेड इम्पल्सचे गॉगल २५० हर्ट्झच्या घरात मोजतात, कपाळावर घट्ट बसतात, आणि ऑडिओलॉजिस्टला ते वापरण्याचा सराव असतो. हे यंत्र दोन मजले खाली पडून असताना लोक लाखांची खरेदी-टिपणं लिहितात.

व्हीआरची खरी कमाल जगाचा देखावा लागतो तिथे. पार्किन्सनच्या रुग्णाचे पाय अचानक जमिनीला चिकटतात, त्या फ्रीझिंगचं उदाहरण घ्या. अरुंद दार, वळण, चालता चालता बोलणं ही त्याची नेहमीची निमित्तं. ओपीडीच्या रुंद कॉरिडॉरमध्ये रुग्ण छान चालून दाखवतो आणि घरी गेल्यावर संडासाच्या दारात अडकतो. सिडनीच्या संशोधकांनी यावर युक्ती काढली: रुग्णाला चालवायचंच नाही, पायाखाली पेडल द्यायचे आणि समोर आभासी कॉरिडॉर, त्यात कधी रुंद तर कधी अरुंद दारं. पेडलचा ताल कुठे तुटतो ते बघायचं. एमआरआयमध्ये झोपवूनही त्यांनी हे केलं. आपल्याकडे जुन्या बडोद्यात मांडवीच्या आसपासच्या पोळात (दाट वस्तीच्या गल्लीत) एक फेरी मारा: दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकावं अशी बोळं, उंच उंबरे, दाराला लागून जिना. ललित कला विद्याशाखेत थ्री-डी करणारी मुलं सापडतील, त्यांच्याकडून अशी एक पोळ बांधून घ्या. दाराची रुंदी तुमच्या हातात, बाकी सगळं तेच. मग मोजा: दार किती दूर असताना नजर समोरून उतरून उंबऱ्यावर येते, तिथे किती वेळ अडकते, पेडलचा ताल त्याआधी बिघडतो की नंतर. हा प्रश्न हेडसेटला शोभतो, आणि त्याला १२० हर्ट्झ पुरेसे आहेत.

आता कॅलिब्रेशन, म्हणजे समोरच्या माणसाच्या डोळ्यांशी यंत्र जुळवून घेणं. इथे घाई केलीत तर पुढचं विश्लेषण कितीही भारी असो, उपयोग नाही. सत्तरीतल्या काकू समोर बसल्या आहेत असं धरा. डोळ्यांत काजळ आहे: कॅमेऱ्याला काजळाची काळी रेघ आणि बाहुली यांत गल्लत होते, तेव्हा ते पुसून घ्यायचं. त्यासाठी सोबतच्या सुनेची मदत घ्या, स्वतः पुढे होऊ नका. मागे आंबाडा आहे: हेडसेटचा पट्टा त्याच्यावर बसला की काही मिनिटांत घसरतो, म्हणून पट्टा आंबाड्याच्या खालून घ्या किंवा केस सैल करायला सांगा. जवळचा चष्मा लावून बसल्या असतील तर काढायला लावा. हेडसेटचं भिंग पडद्याचं चित्र साधारण दीड-दोन मीटरवर नेऊन ठेवतं, त्यामुळे वाचायचा नंबर तिथे कामाचा नाही, दूरचा नंबर लागतो. दुहेरी नंबरच्या काचा तर नकोतच. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का ते विचारा. आत बसवलेल्या भिंगावरून जादा चकाकी येते आणि ट्रॅकर फसतो. मग दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर मोजून हेडसेट त्यावर लावा. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटर असतं, पण सरासरीवर भरवसा नको, पट्टी लावून मोजा.

एवढं झालं की पाच किंवा नऊ ठिपके दाखवून कॅलिब्रेशन, आणि लगेच वेगळ्या ठिपक्यांवर पडताळणी. यंत्राने ‘यशस्वी’ म्हटलं म्हणजे झालं, असं नाही. पडताळणीत प्रत्येक ठिपक्यावर किती अंशांची चूक आली ते लिहून ठेवा. हात लांब करून अंगठा धरला तर नखाची रुंदी साधारण दीड-दोन अंश भरते. चूक त्याहून मोठी असेल तर ते रेकॉर्डिंग ठेवण्यात अर्थ नाही. प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा पडताळणी करा, कारण कंप असलेल्या माणसाच्या डोक्यावर हेडसेट जागचा हलतोच. आणि मे महिन्यात बडोद्याच्या उकाड्यात, एसी नसलेल्या खोलीत घामाने तो किती सरकतो हे वेगळं सांगायला नको.

सूचना रुग्णाच्या घरच्या भाषेत, एकाच आवाजात आधी रेकॉर्ड केलेल्या असू द्या. दांडिया बाजारातले आजोबा घरी मराठी बोलतात, दुकानात गुजराती, आणि डॉक्टरांसमोर हिंदीवर येतात. ‘ठिपक्याच्या उलट बघा’ हे तिसऱ्या भाषेत ऐकून झालेली चूक मेंदूची नसते. म्हणूनच वाचनाची चाचणी घालू नका. कोण मराठी शाळेत शिकलं, कोण गुजराती, यावर वाचनाच्या उड्या बदलतील आणि तुमचे गट त्या हिशेबाने वाटलेले नाहीत.

आता सुरुवातीला म्हटलं त्याकडे येऊ. कॅलिब्रेशन कोणाचं फसतं? पापणी उतरलेल्यांचं, सोडावॉटरच्या बाटलीसारख्या काचा असलेल्यांचं, मान वाकलेल्यांचं, सूचना लक्षात न राहणाऱ्यांचं. म्हणजे बहुतेक वेळा आजार पुढे गेलेल्यांचं. ‘तांत्रिक कारणाने वगळले’ असं एका ओळीत लिहून त्यांना बाजूला काढलंत तर उरलेला गट सौम्य आजाराचा, तरुण आणि चांगल्या डोळ्यांचा राहतो, आणि तुम्ही मात्र ‘पार्किन्सनच्या रुग्णांत’ असं शीर्षक देता. ही नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा: कोण आलं, कुठल्या पायरीवर थांबलं, का थांबलं, त्यांचं वय, होएन-याहर टप्पा (आजार किती पुढे गेलाय ते), मोकाचे (बौद्धिक क्षमतेच्या चाचणीचे) गुण. थीसिसमध्ये जमलेले आणि न जमलेले अशी तुलना स्वतंत्र तक्त्यात द्या. आपल्या ओपीडीतल्या किती आणि कुठल्या रुग्णांवर हेडसेट चालतच नाही, ही माहिती कुठल्याही पी-व्हॅल्यूपेक्षा पुढच्या माणसाच्या जास्त कामाची आहे. ते तुमच्या थीसिसचं दुय्यम उद्दिष्ट म्हणूनच लिहा. गाइड नाही म्हणणार नाहीत.

रुग्ण किती, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. आधी थोड्या रुग्णांवर चाचपणी करा, उडीच्या लांबीतला विखुरलेपणा काढा आणि तो घेऊन संख्याशास्त्र विभागात जा. गळती धरून आकडा वाढवा. एकच इशारा: तीस रुग्णांच्या प्रत्येकी शंभर उड्या म्हणजे तीन हजारांचा नमुना नव्हे, नमुना तीसच राहतो. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी आजार नसलेला माणूस, म्हणून रुग्णाचा नवरा किंवा बायको उत्तम, वय जवळपास तेच, घर तेच. फक्त नवरात्रात सांभाळा. गरब्याला रात्रभर जागलेला माणूस सकाळी बसवलात तर त्याच्याही उड्या मंदावलेल्या निघतील. झोप किती झाली हा रकाना फॉर्ममध्ये कायमचाच ठेवा.

सॉफ्टवेअरचं एवढंच: नजरेचे आकडे चित्राच्या फ्रेमबरोबर साठवणारा प्रोग्राम लिहू नका. फ्रेम गळली की नोंदही गळते. आकडे वेगळ्या थ्रेडमधून (प्रोग्रामच्या स्वतंत्र चालणाऱ्या भागातून) घ्या. सॅकेड ओळखायची वेगाची मर्यादा, नेहमी वापरतात ती सेकंदाला ३० अंश किंवा दुसरी कुठली, आधीच ठरवून सिनॉप्सिसमध्ये लिहा. आकडे बघून ती बदलायची नाही.

नजर कुठे जास्त पडली ते रंगांनी दाखवणाऱ्या हीट मॅपच्या मोहातही पडू नका. २०१३ मध्ये अमेरिकेत २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाच्या सीटीतल्या गाठी शोधायला दिल्या, आणि एका सीटीत नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं गोरिलाचं चित्र घातलं. २० जणांना ते दिसलंच नाही, आणि त्यातल्या बहुतेकांची नजर थेट त्या चित्रावर पडलेली होती. नजर उंबऱ्यावर होती एवढंच तुम्ही म्हणू शकता. रुग्णाला उंबरा ‘जाणवला’ असं त्यावरून लिहिता येत नाही.

एथिक्स कमिटीचं बघू. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तुम्हाला माहीत असतीलच. नोंदणी सीटीआरआयवर (क्लिनिकल चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) करणार असाल तर पहिला रुग्ण घेण्याआधी करा. संमतिपत्र गुजराती आणि मराठी, दोन्हींत. कमिटीने खरं तर अडवायला हवं ते दोन ठिकाणी. एक, डोळ्याचं चित्र. आधारसाठी जे बुबुळ टिपतात तेच तुमचा कॅमेरा रोज टिपतोय. चित्र साठवूच नका, फक्त आकडे ठेवा, आणि हेडसेटचं कंपनीच्या क्लाउडशी असलेलं कनेक्शन बंद करा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यापासून हे विचारलं जाणारच. देणगीतला हेडसेट कोणाच्या खासगी खात्यावर चालू आहे, तेही तपासा.

दोन, पडण्याचा धोका. या रुग्णांचा तोल आधीच कच्चा, त्यात डोळ्यांवर झाकण. सगळं काही हात असलेल्या, चाकं नसलेल्या खुर्चीत बसूनच, आणि शेजारी एक माणूस उभा. आकडी येणाऱ्यांना घेऊ नका. आधी आणि नंतर मळमळीची प्रश्नावली भरून घ्या. १९९३ पासून वापरात असलेली १६ लक्षणांची सिम्युलेटर सिकनेसची प्रश्नावली चालेल. आधीची नोंद नसेल तर पार्किन्सनच्याच थकव्याचं खापर हेडसेटवर फुटतं. जवळ बघताना दोन-दोन दिसणं या आजारात नवीन नाही, हेडसेटमध्ये ते वाढू शकतं. तसं म्हणाले की थांबवा. संपल्यावर लगेच उठवू नका, उभं राहताना रक्तदाब उतरतो. दोन रुग्णांच्या मधे फोम पुसा, किंवा कागदी आवरण बदला.

आणि हेडसेट काढला की प्रत्येक जण विचारणार, ‘डॉक्टर, काय निघालं?’ यातून निदान होत नाही, हे संमतिपत्रातच लिहा आणि तोंडीही सांगा. एखाद्याच्या वर-खालच्या उड्या फारच मंद दिसल्या किंवा एक डोळा दुसऱ्याच्या मागे पडताना दिसला, तर रुग्णाजवळ काही बोलण्याआधी गाइडना दाखवा आणि न्यूरोलॉजीची अपॉइंटमेंट त्याच दिवशी घेऊन द्या.